पडद्यावरची आगगाडी आणि हातातला कॅमेरा : स्पीलबर्ग यांचा ‘द फेबलमन्स’



चित्रपट दिग्दर्शकांच्या मुलाखती तुम्ही वाचल्या किंवा पाहिल्या असतील, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. लहानपणी पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाचा विषय निघाला की बहुतेक जण एकाच सुरात बोलू लागतात. अंधार, पडद्यावरचा उजेड, कोणाचा तरी घट्ट धरलेला हात, आणि मग ‘त्या दिवशी मी सिनेमाच्या प्रेमात पडलो’. हे खोटे असते असे मी म्हणत नाही. पण त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. लहानपणी चित्रपट आपण सगळ्यांनीच पाहिले. आपल्यातले दिग्दर्शक किती झाले? ज्यांच्या बाबतीत त्या पाहण्यातून पुढे काही घडले, त्यांच्या मनात नेमके काय झाले असेल? ‘प्रेम’ हा शब्द आला की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

या टिपणात आपण हा प्रश्न मुख्यतः एका चित्रपटाला विचारणार आहोत. तो म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘द फेबलमन्स’ (२०२२). माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडते, म्हणजे पुढचा मजकूर तुम्हाला त्याच्याशी ताडून पाहता येईल. जो चित्रपट एखाद्या मुलाला पुढे दिग्दर्शक बनवतो, तो त्या मुलाला आधी बेचैन करतो. त्या बेचैनीला आवर घालण्यासाठी मूल यंत्र हातात घेते. आपण ज्याला सिनेमाचे प्रेम म्हणतो ते या खटपटीतून, पुष्कळ नंतर, तयार होते. आणि ज्या यंत्राने भीती आटोक्यात आली, तेच यंत्र पुढे नको ते दाखवू लागते. या विषयावरच्या बऱ्याच चित्रपटांत यातला पहिला भाग गोड करून सांगितलेला असतो आणि शेवटचा भाग नसतोच. ‘द फेबलमन्स’ तो टाळत नाही, म्हणून मी तो निवडला.

थोडी पार्श्वभूमी. स्पीलबर्ग यांचा जन्म १९४६ चा. आई लिआ पियानो वाजवत. वडील अर्नोल्ड विद्युत अभियंता होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी जीई-२२५ या संगणकाच्या रचनेवर काम केले. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असायला हवे, कारण १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात ‘बेसिक’ ही भाषा पहिल्यांदा चालली ती याच यंत्रावर. आई २०१७ मध्ये आणि वडील २०२० मध्ये वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, टोनी कुशनर यांच्यासोबत लिहिलेला हा चित्रपट आला. नावे बदलली आहेत. मुलगा सॅमी, आई मिट्झी, वडील बर्ट. पण हे घर कोणाचे, हे लपवण्याचा प्रयत्न नाही.

रांगेतला मुलगा

चित्रपट सुरू होतो तो जानेवारी १९५२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहाबाहेर. सॅमीला आत जायचे नाही. पडद्यावरची माणसे राक्षसाएवढी मोठी असतात असे त्याने ऐकले आहे. आईवडील दोघेही त्याची समजूत घालतात, पण दोन वेगळ्या भाषांत. वडील यंत्र समजावून सांगतात : पडद्यावर खरोखर काहीच हलत नाही, स्थिर छायाचित्रे एका सेकंदाला चोवीस या वेगाने येतात आणि आपला मेंदू त्यांना जोडतो. आई म्हणते, सिनेमा म्हणजे स्वप्न. यावर मुलाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे : स्वप्ने तर भीतीदायक असतात.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रांचे सिद्धांत शिकवते, त्यामुळे बर्टच्या बोलण्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. तो जे सांगतो त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘दृष्टिसातत्य’ म्हणतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. डोळ्यावर प्रतिमा थोडा वेळ टिकते एवढ्यावरून हालचाल दिसत नाही. तेवढेच असते तर एकावर एक साचलेली चित्रे दिसली असती. दोन स्थिर खुणांमधून मेंदू हालचाल कशी रचतो, याचा पद्धतशीर अभ्यास माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये मांडला आणि तेव्हापासून मानसशास्त्रात हा विषय पुढे गेला आहे. पण १९५२ मधला अभियंता बाप मुलाला जे सांगेल तेच बर्ट सांगतो.

प्रोजेक्टरमधली यांत्रिक करामत मात्र तुम्ही अभ्यासक्रमात पाहिलेली असेल. फीत सरळ सरकत राहिली तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. प्रत्येक चौकट क्षणभर थांबली पाहिजे. त्यासाठी जिनिव्हा यंत्रणा वापरतात. चार खाचांच्या ताऱ्यासारख्या चाकात फिरत्या चाकावरची खुंटी येऊन अडकते, त्याला ९० अंश फिरवते आणि बाहेर पडते. खुंटीच्या एका फेरीतला पाव भाग चाक हलते, पाऊण भाग ते स्थिर असते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एक चौकट पुढे सरकायला सेकंदाचा साधारण शहाण्णवावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात शटर उजेड अडवते. शिवाय डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून दोन पात्यांचे शटर प्रत्येक चौकट दोनदा दाखवते, म्हणजे सेकंदाला ४८ झपके. याचा अर्थ आपण चित्रपट पाहतो त्यातला बराचसा वेळ प्रत्यक्षात काळोखात बसलेलो असतो. वर्गात फळ्यावर हे चाक काढले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

आता मुद्दा असा, की वडिलांचे हे स्पष्टीकरण ऐकून सॅमीची भीती कणभरही कमी होत नाही. यंत्र कसे चालते हे कळले, तरी ते आपल्याला काय करते हे कळत नाही. पण हेही विसरू नका, की पुढे त्याला जे औषध सापडते ते याच यंत्राचे आहे. स्पीलबर्ग आईची बाजू घेऊन वडिलांना कोरडा ठरवत नाहीत. मला वाटते, कला आणि तंत्र यांच्यात भांडण लावून देणाऱ्या शेकडो कथांपेक्षा हा चित्रपट इथे अधिक समजूतदार आहे.

एकदाच मोडता येणारे खेळणे

आत पडद्यावर सेसिल बी. डमिल यांचा ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ चालू आहे. सर्कशीची कथा, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर याला मिळाले. आज तो पाहताना कंटाळा येतो, हे मोकळेपणाने सांगते. पण त्यात रेल्वे अपघाताचा एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, रुळांवर मोटार, समोरून येणारी आगगाडी. गाडी मोटारीला उडवते आणि पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत घुसते. डबे उलटतात, पिंजरे फुटतात, जनावरे मोकळी सुटतात.

सॅमीचा चेहरा पाहा. त्यावर आनंद नाही. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले. घरी परतताना तो गप्प आहे. हनुक्का या सणाला काय हवे विचारल्यावर तो आगगाडी मागतो आणि आठ रात्री त्याला गाडीचा एकेक भाग मिळत जातो. गाडी पुरी झाल्यावर तो काय करतो? एका रात्री उठून तिची टक्कर घडवून आणतो. वडील दुरुस्ती करतात आणि वस्तू जपून वापरण्याबद्दल समजावतात. अभियंत्याला साहजिकच ते मोडणे सहन होत नाही. आईला मात्र कळते, की मुलगा गाडी मोडत नाही, तो त्या भीतीवर ताबा मिळवू पाहतो आहे. आणि ती तोडगा काढते : बाबांचा कॅमेरा घेऊ, टक्कर एकदाच करू, ती चित्रित करू, मग तुला हवी तितक्या वेळा पाहता येईल आणि गाडीही शाबूत राहील.

या सूचनेकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहा. महागडी वस्तू आहे, ती एकदाच मोडता येते. म्हणून आपण लहान प्रतिकृती घेतो, घटना एकदा घडवतो, नोंद करतो आणि नंतर ती नोंद पुन्हा पुन्हा तपासतो. तुमच्यापैकी जे मोटारींच्या अपघात चाचण्यांबद्दल शिकले असतील त्यांना हे अनोळखी नाही. मुलाच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट घडते. चित्रपटगृहात अपघात त्याच्यावर येऊन आदळला होता. आता तो कधी सुरू करायचा, कुठून पाहायचा, कुठे थांबवायचा, हे त्याच्या हातात आहे.

इथे तुमच्यासाठी एक गणितही आहे. खेळण्यातली टक्कर खेळण्यातलीच का दिसते? लायोनेलच्या ओ गेज गाड्यांचे प्रमाण साधारण १:४८ असते. गुरुत्वाकर्षणाखाली पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे छोटा डबा कलंडायला खऱ्या डब्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकाच वेळ घेतो, आणि डोळा फसत नाही. खऱ्यासारखे वजन दिसावे तर कॅमेरा सातपट वेगाने, सेकंदाला साधारण १६६ चौकटी या गतीने चालवावा लागेल. स्टुडिओत म्हणूनच प्रतिकृती मोठ्या करतात आणि कॅमेरा जलद चालवतात. डमिल यांच्या अपघातातही प्रतिकृती वापरल्या आहेत. सॅमीच्या घरगुती कॅमेऱ्यात ती सोय नाही. तो दुसरा मार्ग काढतो. कॅमेरा रुळाच्या पातळीवर आणतो, अगदी जवळ जातो, वेगवेगळ्या कोनांतून तुकडे घेतो. आकाराची उणीव दृष्टिकोनाने भरून काढणे हा त्याचा पहिला धडा, आणि तो कोणी शिकवलेला नाही.

फीत धुऊन आल्यावर सॅमी ती स्वतःच्या दोन तळहातांवर पाडून पाहतो. ज्या प्रतिमेने त्याला गिळले होते ती आता ओंजळीत मावते. सबंध चित्रपटातले हे मला सर्वांत नेमके वाटलेले दृश्य. यावर कोणी संवाद लिहिलेला नाही, हे फार बरे झाले.

मात्र चित्रपटाची एक अडचणही याच भागात आहे. प्रत्यक्षात स्पीलबर्ग यांनी खेळण्यातल्या गाड्यांची टक्कर चित्रित केली ती साधारण बाराव्या वर्षी. चित्रपट पाहिला पाचव्या वर्षी. म्हणजे मध्ये सहा-सात वर्षे गेली. ‘द फेबलमन्स’ ही वर्षे गाळून जखम आणि मलम शेजारी शेजारी ठेवतो. कथेसाठी ते सोयीचे आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच गाळलेली वर्षे महत्त्वाची होती. एखादे दृश्य मुलाच्या मनात सहा वर्षे काय करत असते? ते बदलते का, अर्धे विसरले जाते का, त्यात दुसरे काही मिसळते का? स्पीलबर्ग यांच्यासारख्या कसलेल्या कथाकाराने हे प्रश्न टाळले, याची मला थोडी खंत आहे.

कापलेली फीत

पुढची काही वर्षे सॅमी ॲरिझोनात बहिणींना आणि स्काउटमधल्या मित्रांना घेऊन चित्रपट करतो. जॉन फोर्ड यांचा ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) पाहून आल्यावर काउबॉयपट. बंदुकीच्या गोळ्या खऱ्या वाटेनात, तेव्हा तो फितीलाच टाचणीने भोके पाडतो. प्रोजेक्टरचा पांढरा उजेड त्या भोकांतून येतो आणि पडद्यावर बंदुकीच्या तोंडाशी ठिणगी उडते. हे पाहून वडील, म्हणजे अभियंता बर्ट, मनापासून चकित होतात. तरीही तो मुलाच्या चित्रपटांना छंदच म्हणत राहतो.

मग कुटुंबाची जंगलातली सहल. सोबत वडिलांचा मित्र बेनी. सॅमीने सगळे चित्रित केलेले असते. आजी वारल्यामुळे आई खचली आहे, तिला बरे वाटावे म्हणून सहलीचा चित्रपट जोडून दे, असे वडील सांगतात. सॅमी संकलनाच्या छोट्या यंत्रावर फीत पुढे-मागे करत बसतो. आणि चौकटीच्या कडेला, मागच्या बाजूला, त्याला आई आणि बेनी दिसू लागतात. एक हात. एक नजर. तो फीत मागे घेतो, पुन्हा पाहतो, थांबवतो.

लक्षात घ्या, ही तीच क्रिया आहे. लहानपणी पुन्हा पुन्हा पाहून त्याने भीती ओंजळीत आणली होती. आता पुन्हा पुन्हा पाहण्यानेच घर मोडकळीला आले आहे हे त्याला कळते. चित्रीकरण करताना त्याच्या डोळ्यांनी जे पाहिले नव्हते ते कॅमेऱ्याने पाहिले. तो मग दोन चित्रपट जोडतो. एक घरच्यांसाठी, त्यात सगळे हसरे. आणि त्यातून कापलेल्या तुकड्यांचा दुसरा. तो फक्त आईला, कपाटाच्या आत बसवून दाखवतो.

इथे तुम्हाला दुसऱ्या एका चित्रपटातली कापलेली फीत आठवायला हवी. जुझेप्पे तोर्नातोरे यांचा ‘सिनेमा पॅरादिसो’ (१९८८). सिसिलीतल्या गावात पाद्री घंटा वाजवून चुंबनाची दृश्ये कापायला लावतो, प्रोजेक्टर चालवणारा आल्फ्रेदो ती कापतो, आणि छोटा तोतो ते तुकडे मागत राहतो. अनेक वर्षांनी, आल्फ्रेदोच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध दिग्दर्शक झालेल्या तोतोला त्याने मागे ठेवलेले एक रीळ मिळते. त्यात ती सगळी चुंबने एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. एन्निओ मोरिकोने यांचे संगीत चालू होते आणि प्रेक्षक रडतात. मीही रडले आहे, प्रत्येक वेळी.

पण डोळे पुसून विचार करा. हा प्रसिद्ध दिग्दर्शक नेमके कसले चित्रपट करतो? प्रसिद्ध झाल्यावर त्याने केलेला एकही चित्रपट आपल्याला दिसत नाही. बालपणीच्या त्या अंधाऱ्या खोलीने त्याच्या कामाला काय दिले, ते कळण्याचा मार्गच नाही. ‘पॅरादिसो’त बालपण म्हणजे हरवलेली ठेव आहे, आणि कापलेली फीत ही ठेव परत मिळाल्याची पावती. ती पाहताना तोतोला काही करावे लागत नाही. खुर्चीत बसून रडायचे. ‘फेबलमन्स’मध्ये कापलेली फीत पुराव्यासारखी आहे. ती ज्याने कापली त्यालाच तिचे काय करायचे हे ठरवावे लागते, आणि जे काही ठरवेल त्याने कोणीतरी दुखावणारच. ‘पॅरादिसो’ अधिक लाडका चित्रपट आहे आणि राहील. दिग्दर्शक कसा घडतो हे मात्र ‘फेबलमन्स’ अधिक जाणतो.

याच चित्रपटात पुढे शाळेच्या सहलीची फिल्म आहे. सॅमीला ज्यू म्हणून छळणारा लोगन हा देखणा मुलगा तो पडद्यावर देवासारखा दाखवतो, आणि लोगन ते पाहून कोलमडतो. आपण तसे नाही हे त्याला ठाऊक आहे. आईच्या बाबतीत कॅमेऱ्याने खरे दाखवून दुखावले होते, इथे खोटे दाखवून. सॅमीला आपण हे का केले हे सांगता येत नाही. बरेच समीक्षक या प्रसंगाला चित्रपटाचा कळस मानतात. मला तो थोडा बोलका वाटतो, म्हणून पुढे जाऊ.

उत्तर न मिळालेला प्रश्न

प्रत्येक मूल कॅमेरा उचलते असे नाही. त्यासाठी स्पेनमधला एक चित्रपट पाहा : व्हिक्टर एरिसे यांचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ (१९७३). साल १९४०, यादवी युद्ध नुकतेच संपलेले, कास्तील प्रांतातले एक गाव. फिरत्या सिनेमाची गाडी येते आणि गावकरी घरून खुर्च्या घेऊन ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) पाहायला जमतात. लहानगी आना पडद्याकडे पाहते आहे. तिचा चेहरा अभिनय करत नाही. त्या मुलीला खरोखर चित्रपट दाखवून तिची प्रतिक्रिया टिपलेली आहे.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस तळ्याकाठी एका मुलीबरोबर फुले पाण्यात सोडत खेळतो आणि मग तिला पाण्यात फेकतो. हे शेवटचे दृश्य अनेक ठिकाणी सेन्सॉरने कापले होते. एरिसे यांच्या चित्रपटातही आपल्याला खेळ दिसतो आणि मग मेलेल्या मुलीला उचलून आणणारा बाप. मधले काहीच नाही. आना बहिणीला विचारते, त्याने तिला का मारले, आणि नंतर लोकांनी त्याला का मारले? मधला दुवा कोणीतरी काढून घेतलेला आहे, म्हणून प्रश्न अधिकच टोचतो. ज्या देशात युद्धाबद्दल कोणी बोलत नाही तिथे हा प्रश्न केवळ सिनेमाचा राहत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. आना राक्षसाला शोधत निघते. तिच्या हाती कॅमेरा कोणी देत नाही, म्हणून भीतीला आवर घालण्याचा मार्गही तिच्याजवळ नाही. ती आजारी पडते.

एरिसे यांनी पुढे २००६ मध्ये ‘ला मोर्त रूज’ हा छोटा चित्रपट केला, तो स्वतःच्या पहिल्या चित्रपटाबद्दल. १९४६ मध्ये, पाच वर्षांचे असताना, सान सेबास्तियान शहरात थोरल्या बहिणीबरोबर पाहिलेला शेरलॉक होम्सचा ‘द स्कार्लेट क्लॉ’. त्यातला खुनी टपाल वाटणारा माणूस असतो. त्यानंतर त्या मुलाला खऱ्या पोस्टमनची भीती बसली. त्याहून त्याला खटकली ती दुसरी गोष्ट : पडद्यावर माणसे मारली जात असताना मोठी माणसे शांत कशी बसतात? पाच वर्षांच्या मुलाच्या या शंकेतून ‘बीहाइव्ह’मधल्या त्या सिनेमागृहाकडे थेट वाट जाते. आणि पाहा, साठ वर्षांनी मागे वळून पाहताना एरिसे यांनी ‘मी प्रेमात पडलो’ असे सांगण्याऐवजी ‘मला काय कळले नाही’ ते मांडले.

आपल्याकडचे दोन दाखले

तुमच्यापैकी जे गुजरातेत राहतात त्यांनी पान नलिन यांचा गुजराती चित्रपट ‘छेल्लो शो’ (२०२१) पाहिला असेल. भारतातर्फे तो ऑस्करला गेला होता. सौराष्ट्रातला समय हा मुलगा रेल्वे स्टेशनवर वडिलांच्या टपरीवरचा चहा विकतो आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्या फझलला आईने दिलेला डबा देऊन त्या बदल्यात फुकट चित्रपट पाहतो. यातला सर्वांत चांगला भाग यंत्राचा आहे. मुले भंगार जमवून स्वतःचा प्रोजेक्टर बनवतात. चित्र दिसते पण आवाज नाही, तेव्हा तीच तोंडाने आवाज काढतात. चोरलेल्या रिळांमुळे समयला शिक्षाही होते. खटपट, चोरी, शिक्षा हे सगळे इथे आहे आणि ते खरे वाटते.

खटकते ते वेगळेच. चित्रपट अर्पण केला आहे ल्युमिए बंधू, मायब्रिज, डेव्हिड लीन, कुब्रिक आणि तारकोव्हस्की यांना. समय मात्र पाहतो हिंदी चित्रपट. शेवटी प्रोजेक्टर वितळवून चमचे होतात, फिती वितळवून बांगड्या होतात, आणि त्या रंगीबेरंगी बांगड्यांना जगभरच्या दिग्दर्शकांची नावे दिली जातात. दृश्य सुंदर आहे. पण ही नावे त्या मुलाची नाहीत, ती मोठेपणी चित्रपट शिकलेल्या दिग्दर्शकाची आहेत. लहानपणी काय पाहिले आणि नंतर काय आवडू लागले, यांची इथे गल्लत झाली आहे. स्पीलबर्ग यांचे एक कौतुक केले पाहिजे : त्यांनी आपला पहिला चित्रपट म्हणून डमिल यांचा भडक, सर्कशीचा सिनेमाच ठेवला, एखादी प्रतिष्ठित कलाकृती नव्हे.

दुसरा दाखला माझ्याच म्हणण्याला थोडा अडवणारा आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० चा. मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ त्यांनी पाहिला तो वयाच्या चाळिशीत. पुढे जे झाले ते मात्र अगदी सॅमीसारखे. ते पुन्हा पुन्हा जाऊन चित्रपट पाहत राहिले, इतके की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टी गेली. मग यंत्र मिळवले, आणि लोकांना पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून पडद्यावर काही क्षणांत दाखवली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मध्ये हा सगळा खटाटोप हसतखेळत दाखवला आहे. म्हणजे बालपण ही अट नसावी. पूर्वी न पाहिलेल्या गोष्टीसमोर माणूस निरुत्तर होतो, ते बहुतेकांच्या बाबतीत लहानपणी घडते. फाळक्यांच्या काळात चाळिशीतही घडू शकत होते, कारण सिनेमाच लहान होता.

हे टिपण वाचून झाल्यावर ‘द फेबलमन्स’ दोन बैठकांत पाहा. पहिल्या बैठकीत सुरुवातीपासून तळहातांवरच्या दृश्यापर्यंत. कॅमेरा सॅमीच्या उंचीवर केव्हा आहे आणि मोठ्यांच्या उंचीवर केव्हा, याची नोंद ठेवा. नंतर सहलीच्या फितीचे संकलन चालू असतानाचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. आवाज असताना आईच्या पियानोचे सूर तुमचे लक्ष कुठे नेत होते ते तेव्हा कळेल. शेवटच्या प्रसंगात तरुण सॅमी जॉन फोर्ड यांना भेटतो. फोर्ड यांची भूमिका डेव्हिड लिंच यांनी केली आहे, आणि ही भेट स्पीलबर्ग यांच्या आयुष्यात खरोखर घडलेली आहे. म्हातारा चिडका दिग्दर्शक प्रेमाबद्दल एक शब्द बोलत नाही. चित्रातले क्षितिज कुठे आहे एवढेच विचारतो : वर असले तर चित्र रंजक, खाली असले तर रंजक, मध्ये असले तर कंटाळवाणे. त्यानंतर येणारे अगदी शेवटचे दृश्य थांबवून, क्षितिजावर बोट ठेवून पाहा, आणि मग पुढे जाऊ द्या.